बो-पेर
बो-पेर : फ्रेंच भाषेतील एक आप्तवाचक शब्द. ‘बो’ म्हणजे सुंदर किंवा देखणा आणि ‘पेर’ म्हणजे पिता. परंतु या दोन पदांच्या जोडणीतून होणाऱ्या सामासिक शब्दाचा सौंदर्याशी काहीही संबंध नाही. पतीचा वा पत्नीचा पिता, म्हणजे सासरा, हा त्याचा एक अर्थ; आईचा नंतरचा पती, म्हणजे सावत्र पिता, हा दुसरा. दोन्ही अर्थ सारखेच रूढ असून त्यांपैकी कोणताही गौण वा लाक्षणिक मानला जात नाही. एमील लित्रे यांच्या एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध कोशापासून आजच्या शालेय कोशांपर्यंत दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी दिलेले आढळतात.

हा शब्द एकटा नाही. ‘बेल-मेर’ म्हणजे सासू तसेच सावत्र आई, ‘बो-फीस’ म्हणजे जावई तसेच सावत्र मुलगा, ‘बेल-फीय’ म्हणजे सून तसेच सावत्र मुलगी (‘बेल’ हे ‘बो’चे स्त्रीलिंगी रूप). ‘बो-फ्रेर’ व ‘बेल-सर’ या शब्दांचा व्याप आणखी मोठा आहे. पतीचा भाऊ, पत्नीचा भाऊ आणि बहिणीचा पती हे सर्व ‘बो-फ्रेर’. मराठीतील दीर, मेहुणा आणि व्यवहारात पुष्कळदा साडूदेखील त्यात सामावतो. नणंद, मेहुणी, भावजय व जाऊ या चौघींनाही ‘बेल-सर’ हा एकच शब्द पुरतो. लेखनात ही सर्व पदे जोडरेघेने जोडतात. जोडरेघ वगळली, तर अर्थ ‘देखणा पिता’ असा होतो. उच्चारात मात्र दोहोंत भेद नाही.

दोन भिन्न नाती एकाच शब्दात कशी आली, हे समजण्यासाठी आप्तसंबंधांच्या वर्गीकरणाकडे पाहावे लागते [⟶ आप्तसंबंध]. रक्ताने जोडलेले आणि विवाहाने जोडलेले असे आप्तांचे दोन मोठे वर्ग होतात. सासरा व सावत्र पिता हे दोघेही दुसऱ्या वर्गात मोडतात. फरक एवढाच, की सासरा स्वतःच्या विवाहाने लाभतो आणि सावत्र पिता आईच्या विवाहाने. विवाह कोणाचा, हा प्रश्न फ्रेंच भाषा विचारीत नाही; विवाहाने पित्याच्या जागी आलेला पुरुष, एवढेच ती सांगते. नेपोलियनच्या घराण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १७९६ मध्ये जोझेफीनशी विवाह झाल्यावर तिच्या आधीच्या विवाहापासूनच्या यूझेन व ऑर्तांस या मुलांचा तो बो-पेर झाला. १८०२ मध्ये ऑर्तांसचा विवाह नेपोलियनचा भाऊ लुई याच्याशी झाला, त्यामुळे तो तिचा बो-फ्रेरही ठरला. यूझेनला त्याने १८०६ मध्ये रीतसर दत्तक घेतले. पुढे जोझेफीनशी काडीमोड होऊन १८१० मध्ये ऑस्ट्रियाची राजकन्या मारी-लुईझ हिच्याशी विवाह झाला, तेव्हा ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस हा स्वतः नेपोलियनचाच बो-पेर झाला. एका माणसाच्या आयुष्यात हा शब्द असा दोन्ही दिशांनी आणि दोन्ही अर्थांनी लागू पडला.

फ्रेंच भाषेत ही संदिग्धता मुळापासून नव्हती. लॅटिनमध्ये या नात्यांना स्वतंत्र व नेमके शब्द होते. सासऱ्याला ‘सोकेर’, सासूला ‘सोक्रुस’, सुनेला ‘नुरुस’, दिराला ‘लेव्हिर’. तर सावत्र पित्याला ‘व्हित्रिकुस’ आणि सावत्र आईला ‘नोव्हेर्का’. यांपैकी पहिले चार इंडो-यूरोपीय कुलातील अतिप्राचीन शब्द होत. ‘सोकेर’ व संस्कृत ‘श्वशुर’, ‘नुरुस’ व संस्कृत ‘स्नुषा’, ‘लेव्हिर’ व संस्कृत ‘देवर’ या जोड्या एकाच मुळातून आलेल्या आहेत. मराठीतील सासरा, सून व दीर हे शब्द त्याच परंपरेतील असल्यामुळे याबाबतीत मराठी ही लॅटिनला फ्रेंचपेक्षा अधिक जवळची ठरते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्पॅनिशमध्ये ‘स्वेग्रो’, इटालियनमध्ये ‘स्वोचेरो’, पोर्तुगीजमध्ये ‘सोग्रु’ आणि रूमानियनमध्ये ‘सोक्रु’ अशा रूपांनी सासऱ्याचा जुना शब्द आजही जिवंत आहे. दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितां भाषेनेही तो टिकविला. प्रमुख रोमान्स भाषांपैकी एकट्या फ्रेंचने तो टाकून दिला. जावयासाठी लॅटिन ‘गेनेर’पासून आलेला ‘झांद्र’ तेवढा उरला. सुनेसाठी ‘नुरुस’ जाऊन ‘ब्र्यू’ हा शब्द आला. तो जर्मानिक भाषांतून आलेला असून इंग्रजीतील ‘ब्राइड’ व जर्मनमधील ‘ब्राउट’ या नववधूवाचक शब्दांचा सगोत्र आहे. आज तोही मागे पडला असून कोशांत त्याची नोंद जुनाट वा प्रादेशिक अशी केलेली असते.

सावत्र नात्यांच्या शब्दांचा इतिहास निराळा आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये पिता, माता व पुत्र या शब्दांना एक विशिष्ट प्रत्यय लावून ‘पित्यासारखा’, ‘मातेसारखी’, ‘पुत्रासारखा’ अशा अर्थाचे शब्द बनविण्यात आले. त्यांतून ‘पारात्र’ (सावत्र पिता), ‘मारात्र’ (सावत्र आई) व ‘फियात्र’ (सावत्र मुलगा) हे फ्रेंच शब्द आले. रोलां या वीरावरील अकराव्या शतकाच्या अखेरच्या महाकाव्यात गानलों हा रोलांचा पारात्र आहे, आणि कथेतील विश्वासघातही त्याच्याच हातून घडतो. या प्रत्ययाला पुढे कमअस्सलपणाची छटा चिकटली. आजच्या फ्रेंचमध्ये तोच प्रत्यय रंगवाचक शब्दांना लागला, की ‘निळसर’, ‘हिरवट’ असे अपुऱ्या वा मळकट रंगाचे अर्थ मिळतात. जवळजवळ पित्यासारखा, पण पिता नव्हे, ही जी उणीव प्रत्ययात दडलेली होती ती नात्याच्या नावातही उतरली. ‘मारात्र’ तर क्रौर्याचा समानार्थी शब्द झाला. इतका, की पोटच्या मुलांना छळणाऱ्या आईलाही तो लावला जाऊ लागला आणि कवींनी निष्ठुर निसर्गालाही हेच नाव दिले.

अशा वेळी समोरासमोर बोलताना कोणता शब्द वापरावयाचा, ही अडचण खरी होती. तिचा उलगडा मध्ययुगीन शिष्टाचारात सापडतो. त्या काळी ‘बो’ हे विशेषण संबोधनात आदर व जिव्हाळा दाखविण्यासाठी सर्रास लावीत. सरदाराला, मित्राला, एवढेच नव्हे तर स्वतःच्या मुलालाही ‘बो’ लावून हाक मारण्याची पद्धत होती. ‘प्रिय’, ‘श्रीमान’ वा मराठी पत्रांतील ‘तीर्थरूप’ या शब्दांचे जे कार्य, तेच या विशेषणाचे होते. विवाहाने लाभलेल्या वडीलधाऱ्या माणसाला नुसते ‘पेर’ म्हणणे खोटे वाटावे आणि ‘पारात्र’ म्हणणे अपमानाचे व्हावे, अशा पेचात ‘बो-पेर’ ही सभ्य तोड होती. मध्ययुगाच्या उत्तरार्धात हे संबोधन हळूहळू नात्याचे नाव बनले, आणि जिथे जिथे विवाहाने नाते जोडले जाते तिथे तिथे पसरले. धर्मगुरूंनाही एके काळी याच शब्दाने संबोधीत. मार्गरीत द नाव्हार हिच्या सोळाव्या शतकातील ‘एप्तामेराँ’ या कथासंग्रहात मठवासी साधूंचा उल्लेख याच शब्दाने येतो, आणि त्यांतला उपहास लपत नाही. फ्रेंचचे हे वळण शेजारच्या भाषांनीही उचलले : डच भाषेत सासऱ्याला ‘सुंदर पिता’ अशाच अर्थाचा शब्द आहे आणि ब्रेतॉन भाषेतही तसाच. डच भाषेने मात्र सावत्र नात्यांसाठी आपला वेगळा उपसर्ग कायम ठेवला, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही.

मराठीतही सासरच्या माणसांना हाक मारण्याची अडचण जुनीच आहे; पण तिच्यावरील तोड वेगळी निघाली. जुन्या पद्धतीत सासऱ्याला ‘मामंजी’ व सासूला ‘आत्याबाई’ म्हणत, म्हणजे आधीपासून असलेल्या आप्ताचेच नाव नव्या आप्ताला दिले जाई. आते-मामे भावंडांच्या विवाहाच्या चालीशी या संबोधनांचा संबंध जोडला जातो. फ्रेंचांनी विशेषण जोडले, मराठीने माहेरचे नाते पुढे नेले.

सतराव्या शतकात जुने व नवे शब्द एकत्र नांदत होते. रासीनच्या ‘फेद्र’ (१६७७) या शोकात्मिकेत सावत्र मुलावर आसक्त झालेल्या राणीसाठी ‘मारात्र’ हा शब्द येतो. त्याच्या चारच वर्षे आधीच्या, मोल्येरच्या शेवटच्या सुखात्मिकेत (१६७३) काल्पनिक आजाराने पछाडलेल्या गृहस्थाची दुसरी बायको मुलीविरुद्ध कारस्थाने करते. तिला मात्र ‘बेल-मेर’ म्हटले आहे. शोकात्मिकेच्या उदात्त भाषेला जुना शब्द शोभला, घरगुती बोलण्यात नवा बसला. मोल्येरनेच ‘झॉर्झ दांदें’ (१६६८) या नाटकात या शब्दाच्या सामाजिक वजनाचे नेमके चित्र काढले आहे. एक धनवान शेतकरी खानदानी घराण्यातील मुलीशी विवाह करतो आणि तिच्या आईला सरळ ‘बेल-मेर’ म्हणतो. ती त्याला ताबडतोब फटकारते : ही सलगी पुरे, मला ‘मादाम’ म्हणत जा. एके काळी आदरासाठी जोडलेले विशेषण तोवर सलगीचे वाटू लागले होते. नाते सांगणे म्हणजे बरोबरी सांगणे, आणि ती बरोबरी सासूला मान्य नव्हती.

सौम्य शब्द फार काळ सौम्य राहत नाहीत. शार्ल पेरो याने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीकथांतील ‘सांद्रियों’ (सिंड्रेला) या कथेत मुलीला राखेत बसविणारी दुष्ट स्त्री ‘बेल-मेर’च आहे. ‘मारात्र’ला टाळण्यासाठी आलेल्या शब्दावर ‘मारात्र’ची सगळी अपकीर्ती येऊन पडली. दुसऱ्या बाजूने सासूवरील विनोदांनी त्यात भर घातली. जाड गोल अंगाच्या, दाट काट्यांच्या एका निवडुंगाला फ्रेंचमध्ये ‘सासूची उशी’ म्हणतात, तर फुंकताच उलगडणाऱ्या कागदी पिपाणीला ‘सासूची जीभ’. या नावांत ‘बेल-मेर’ हाच शब्द आहे. पुरुषवाचक ‘बो-पेर’च्या वाट्याला असे विनोद फारसे आले नाहीत. ‘बो-फ्रेर’चा मात्र विसाव्या शतकात वेगळाच अपभ्रंश झाला : काबू या व्यंगचित्रकाराने १९७० च्या दशकात रंगविलेल्या आत्मसंतुष्ट, कोत्या मनाच्या मेहुण्यावरून ‘बोफ’ हा संक्षेप असंस्कृत माणसाचे नाव म्हणून भाषेत स्थिरावला.

फ्रेंच भाषिकाला यांतील संदिग्धता सहसा जाणवत नाही, कारण बोलणाऱ्याची परिस्थिती अर्थ ठरविते. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘बो-पेर’ म्हणजे सावत्र पिताच असणार. बाल्झाकच्या ‘पेर गोरिओ’ (१८३५) या कादंबरीत म्हाताऱ्या गोरिओचे दोन जावई आहेत. तो त्यांचा बो-पेर म्हणजे सासराच. शार्ल बोदलेअर हा कवी अविवाहित होता, तेव्हा त्याच्या चरित्रातील बो-पेर म्हणजे त्याची आई कारोलीन हिने १८२८ मध्ये ज्याच्याशी पुनर्विवाह केला तो सैन्याधिकारी झाक ओपिक, याविषयी शंका उरत नाही. याच ओपिकच्या पुढाकाराने तरुण बोदलेअरला १८४१ मध्ये कलकत्त्याकडे निघालेल्या जहाजावर चढविण्यात आले होते. तो हिंदी महासागरातील बेटांवरूनच परत फिरला. दोघांचे कधीच पटले नाही. तरी पॅरिसच्या माँपारनास दफनभूमीत बोदलेअर ओपिकच्याच थडग्यात आहे. शिलेवर आधी सेनापतीचे नाव व त्याने भूषविलेल्या पदांची यादी आहे, त्याखाली कवीचे नाव आणि त्याची ओळख म्हणून एवढेच, की तो त्याचा ‘बो-फीस’. तो कवी होता, हे तिथे लिहिलेले नाही.

अडचण येते ती प्रौढ व विवाहित व्यक्तीच्या बाबतीत. जिच्या आईने पुनर्विवाह केला आहे अशा विवाहितेला दोन बो-पेर असतात, आणि एखाद्या समारंभात ते एकाच मेजावर बसलेले असू शकतात. अशा वेळी फ्रेंच माणूस नात्याचे नाव सोडून वर्णनाकडे वळतो : ‘माझ्या नवऱ्याचे वडील’, ‘माझ्या आईचे यजमान’. जावयासाठी ‘झांद्र’ हा निःसंदिग्ध शब्द उपलब्ध असल्याने ‘बो-फीस’ हा बहुधा सावत्र मुलासाठी राखून ठेवण्याकडे काहींचा कल असतो. सुनेच्या बाबतीत ‘ब्र्यू’ मागे पडल्यामुळे ही सोय उरलेली नाही. घरात हाक मारताना आज बहुतेक ठिकाणी पहिले नावच वापरतात. ‘बो-पापा’, ‘बेल-मामां’ ही लाडिक रूपे मुख्यतः सासू-सासऱ्यांसाठी आहेत.

भाषांतरकाराला यातून सुटका नाही, कारण मराठीत दोहोंपैकी एक अर्थ निवडावाच लागतो. इंग्रजीवरून भाषांतर करणाराही निर्धास्त राहू शकत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत सासूवाचक शब्द सावत्र आईलाही लावीत. डिकिन्झच्या ‘पिकविक पेपर्स’मधील सॅम वेलर आपल्या सावत्र आईचा उल्लेख तसाच करतो. शिवाय नुसता अर्थ बरोबर निवडून भागत नाही. मराठीतील ‘सावत्र’ हा शब्द संस्कृत ‘सापत्न’पासून आला असून त्याच्या मुळाशी सपत्नी म्हणजे सवत आहे. एका घरात नांदणाऱ्या दोन बायका आणि त्यांच्या मुलांमधील तेढ त्या शब्दातच आहे. ‘सावत्रपणा’ म्हणजे दुजाभाव हा अर्थ त्यातूनच आला. ‘बो-पेर’मध्ये सवत नाही व दुजाभावही नाही. त्यामुळे मायेने मुलांना वाढविणाऱ्या पुरुषाविषयी मूळ लेखक ‘बो-पेर’ म्हणत असेल, तिथे ‘सावत्र बाप’ हे शब्दशः अचूक भाषांतर भावार्थाने चुकीचे ठरते. ‘आईचे दुसरे यजमान’ ही लांबट रचना अशा ठिकाणी अधिक प्रामाणिक होय.

कायद्याच्या क्षेत्रात ही संदिग्धता व्यवहाराला भिडते. १८०४ च्या दिवाणी संहितेतील कलम २०६ अन्वये जावई व सून यांच्यावर आपल्या बो-पेर व बेल-मेर यांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे. ज्या विवाहसाथीदारामुळे हे नाते जोडले गेले तो आणि त्या विवाहापासूनची अपत्ये हयात नसतील, तर ती संपते. येथे कोणता बो-पेर अभिप्रेत आहे, हे कलमात सांगितलेले नाही. परंतु समोर ‘झांद्र’ हा शब्द असल्याने सासराच अभिप्रेत आहे, हे उघड होते, आणि न्यायालयांनीही तसाच अर्थ लावला आहे. परिणामी सासऱ्याला जावयाकडे पोटगी मागता येते, पण ज्याने बायकोच्या मुलाला लहानाचे मोठे केले त्या बो-पेरला त्या मुलाकडे ती मागता येत नाही. तसेच मुलालाही त्याच्याकडे मागता येत नाही. वारसाहक्काच्या बाबतीत दोघेही परके आहेत. मृत्युपत्राने काही दिले, तर सावत्र मुलाला सर्वसाधारणपणे परक्या व्यक्तीला लागू असलेला ६० टक्के कर भरावा लागतो.

संहिता तयार झाली त्या काळी ही उणीव फारशी बोचण्यासारखी नव्हती. १७९२ मध्ये मिळालेली घटस्फोटाची मुभा १८१६ मध्ये रद्द झाली, ती १८८४ पर्यंत परत आली नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बो-पेर प्रायः मृत पित्याच्या जागी येई. १८८४ नंतर, आणि विशेषतः परस्परसंमतीने घटस्फोट देणाऱ्या १९७५ च्या कायद्यानंतर, तो हयात पित्याच्या जोडीला येऊ लागला. मुलाला पिताही आहे आणि बो-पेरही. अशा घरांसाठी ‘पुनर्रचित कुटुंब’ ही संज्ञा १९८० च्या दशकात समाजशास्त्रज्ञांनी रूढ केली. इरेन तेरी यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. याच सुमारास विवाहाची अटही गळून पडली : आईचा अविवाहित सहचर आणि १९९९ पासूनच्या नोंदणीकृत सहजीवनातील जोडीदाराचे आईवडील यांनाही बोलण्यात हेच शब्द लावतात, जरी कायद्याच्या दृष्टीने अशा सहजीवनातून सोयरिकीचे नाते निर्माण होत नाही.

संहितेने मात्र या व्यक्तीला अद्याप नाव दिलेले नाही. मुलाचे पालकत्वाचे अधिकार आईवडिलांचेच असतात. २००२ च्या कायद्याने न्यायाधीशामार्फत ते अंशतः दुसऱ्याला देण्याची वा वाटून घेण्याची सोय केली, ती ‘त्रयस्था’ला. २०१३ मध्ये त्यात स्पष्टीकरण जोडले गेले : मूल व त्याचा एक पालक यांच्यासमवेत स्थिरपणे राहिलेल्या, मुलाचे संगोपन केलेल्या आणि त्याच्याशी टिकाऊ जिव्हाळा जुळलेल्या त्रयस्थाशी मुलाचे संबंध विभक्तीनंतर चालू ठेवण्याबाबत न्यायाधीश निर्णय देऊ शकतो. वर्णन तंतोतंत बो-पेर वा बेल-मेर यांचे आहे, शब्द मात्र ‘त्रयस्थ’ हाच आहे. दैनंदिन संगोपनाचे अधिकार त्यांना देऊ पाहणारे विधेयक राष्ट्रीय सभेने २०१४ मध्ये संमत केले होते, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. ज्यांना नाते पक्के करावयाचे आहे, त्यांच्यापुढे ‘साधे दत्तकविधान’ हा मार्ग आहे. त्यात मुलाचे मूळ आईवडिलांशी असलेले नाते अबाधित राहते, दत्तक घेणाऱ्याकडून वारसाहक्क मिळतो आणि जोडीदाराच्या मुलाच्या बाबतीत कराची आकारणी स्वतःच्या अपत्याप्रमाणे होते. पूर्वी जोडीदाराचे मूल असे दत्तक घेण्यास विवाह आवश्यक होता. २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने ती अट काढून टाकण्यात आली.